पडद्यावरची बेडर बाई : पर्ल व्हाइट

गणेशोत्सवातला सिनेमा आमच्या पिढीतले कुणी विसरले असेल असे वाटत नाही. चौकात दोन बांबू रोवून मधे पांढरा पडदा ताणलेला, समोर सतरंज्या, त्यावर जागा धरायला संध्याकाळपासून टाकलेल्या चपला. उशीर झाला तर पडद्याच्या मागच्या बाजूला बसावे लागे. तिथून नायकाचा उजवा हात डावा दिसायचा आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागायच्या, एवढाच काय तो फरक. सिनेमा संपवून घरी आलो की ओसरीवर आजीचे ठरलेले भाषण असायचे. तुमच्या आजच्या नट्या नुसत्या झाडाभोवती फिरतात, आमच्या वेळची हंटरवाली पाहायला हवी होती, धावत्या गाडीच्या टपावर चढून गुंडांना खाली फेकायची, असे ती सांगायची. आजीच्या पिढीतल्या बायकांना फिअरलेस नादिया हे नाव देवादिकांच्या नावाइतके पाठ होते.

नादियाची चौकशी करता करता आम्ही मागे मागे गेलो, तेव्हा आणखी एक नाव समोर आले. नादियाच्या आधी वीस वर्षे, समुद्रापलीकडे, अशीच एक बाई पडद्यावर कड्याला लोंबकळत होती, आगीतून निसटत होती, विमानात चढत होती. तिचे नाव पर्ल व्हाइट. आपल्याकडच्या साहसपटांची वंशावळ लिहायची तर मुळाशी तिचे नाव लिहावे लागेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी तिचे चरित्र निवडले आहे. ते दिसते तितके सरळ नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

मिझुरीची पोर

पर्लचा जन्म ४ मार्च १८८९ रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, ग्रीन रिज नावाच्या खेड्यात झाला. वडील शेतकरी. आई पर्लच्या लहानपणीच वारली. पुढे कुटुंब त्याच राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड या गावी राहायला गेले. घरात पैसा बेताचा, आणि पोरीचे लक्ष शाळेपेक्षा नाटकाकडे. गावातल्या थिएटरात छोटी कामे करता करता ती एका फिरत्या नाटक कंपनीत शिरली आणि घर सोडून गावोगाव हिंडू लागली.

आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड ज्यांनी ऐकले-वाचले आहे, त्यांना हे जीवन परके वाटणार नाही. आज या गावी, उद्या त्या गावी, सामानाच्या पेट्या, थंडीवाऱ्यात आगगाडीचे प्रवास, उत्पन्न झाले तर पगार. १९०७ साली, अठराव्या वर्षी, तिने बरोबरच्याच एका नटाशी, व्हिक्टर सदरलंडशी, लग्न केले. ते टिकले नाही.

पुढे तिने ‘जस्ट मी’ नावाचे आत्मचरित्र लिहिले. १९१९ साली ते छापले गेले. त्यात सर्कशीत घोड्यावर कसरती केल्याचे आणि इतर अनेक धाडसी प्रसंग आहेत. वाचायला ते मोठे गमतीचे आहेत, पण त्यातल्या कित्येक गोष्टींवर पुढच्या चरित्रकारांनी विश्वास ठेवलेला नाही. स्वतःची गोष्ट रंगवून सांगण्याची हौस तिला होती. तिच्या कंपनीला तर त्याहून जास्त होती. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

नाटकात पर्लचा घसा त्रास देऊ लागला. रोज रात्री शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा, तो बसू लागला. ज्या नटीचा आवाज गेला तिचे नाटकात काय उरणार? पण नेमक्या त्याच काळात मुका सिनेमा बाळसे धरत होता. तिथे आवाजाची गरजच नव्हती. १९१० साली ती न्यूयॉर्कमधल्या पॉवर्स कंपनीत दाखल झाली. पुढे लुबिन, पाथे, क्रिस्टल अशा कंपन्यांतून तिने छोट्या छोट्या चित्रपटांचा धडाका लावला. क्रिस्टलमध्ये बहुतेक विनोदी कामे होती. पडणे, धडपडणे, पळणे, अंगावर पाणी घेणे हे सारे तिला तिथे अंगवळणी पडले.

दर पंधरा दिवसांनी नवे संकट

त्या वेळी सिनेमा आणि वर्तमानपत्र यांची एक नवी युती जमत होती. गोष्टीचा एक भाग छापायचा आणि तोच भाग थिएटरात दाखवायचा. वाचणाऱ्याने पाहायला जावे, पाहणाऱ्याने अंक विकत घ्यावा, दोघांचाही धंदा व्हावा, असा तो हिशेब. आपल्या कीर्तनकारांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आख्यान ऐन रंगात आले की थांबायचे आणि उरलेले उद्यावर टाकायचे, म्हणजे श्रोता दुसऱ्या दिवशी हमखास येतो.

१९१२ साली एडिसन कंपनीने एका स्त्रीमासिकाच्या जोडीने मेरी नावाच्या मुलीची गोष्ट महिन्याला एक याप्रमाणे बारा भागांत दाखवली. १९१३ च्या अखेरीस सेलिग कंपनीची ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ ही मालिका आली. तिच्यातली नायिका चक्क हिंदुस्थानातल्या एका काल्पनिक संस्थानात येऊन वाघ-सिंहांच्या तोंडी सापडते. १९१४ च्या शेवटी ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’ सुरू झाली. तिची नायिका हेलन ही रेल्वे स्टेशनावर तारा पाठवणारी नोकरदार मुलगी. तिचे ११९ भाग निघाले.

या साऱ्या मालिकांत मध्यभागी बाई होती, हे विशेष. त्या काळी अमेरिकेतल्या बायका मताच्या हक्कासाठी रस्त्यावर येत होत्या. तो हक्क सबंध देशात त्यांना १९२० साली मिळाला. कारखान्यांत, दुकानांत, टाइपरायटरवर काम करणाऱ्या हजारो मुली स्वतःच्या पगारातून तिकीट काढून सिनेमाला जात होत्या. त्यांना पडद्यावर आपल्यासारखी, पण आपल्याहून मोकळी बाई पाहायची होती.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते तेही पाहावे. ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीच्या कामासाठी एकही बाई मिळाली नाही, म्हणून ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. लोकनिंदा सोसून उभे राहण्याचे ते साहस कड्यावरून उडी मारण्याहून कमी होते असे आम्हाला वाटत नाही.

२३ मार्च १९१४ रोजी पाथे कंपनीच्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’चा पहिला भाग लागला. हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांतून गोष्ट छापून येत होती. एकूण भाग वीस, दर पंधरा दिवसांनी एक. नायिका पर्ल व्हाइट, वय वर्षे २५.

कथा साधी. पॉलिन ही एका श्रीमंत माणसाच्या घरी वाढलेली मुलगी. त्याच्या मुलाला, हॅरीला, तिच्याशी लग्न करायचे आहे. तिची ना नाही, पण त्याआधी तिला जग पाहायचे आहे, साहस करायचे आहे आणि त्यावर लिहायचे आहे. म्हातारा मरतो. पॉलिनच्या लग्नापर्यंत तिचा पैसा त्याच्या चिटणिसाच्या हवाली राहतो. लग्नाआधी ती मेली तर सारे घबाड चिटणिसाचे. मग काय, दर भागात तो तिच्या जिवावर उठतो आणि दर भागात ती वाचते. कधी तिच्यासकट बलूनची दोरी कापली जाते, कधी घराला आग लावली जाते, कधी डोंगरावरून तिच्यामागे शिळा सोडली जाते, कधी फुलांत साप दडवलेला असतो.

खरे सांगायचे तर पॉलिनला बहुतेक वेळा हॅरीच वाचवतो. पण प्रेक्षक हॅरीसाठी येत नव्हते. मरता मरता वाचलेली ही मुलगी पुढच्या भागात पुन्हा हसतमुखाने घराबाहेर पडायची. झाल्या प्रकाराने घाबरून घरात बसायचे तिच्या मनातही येत नसे. हे बाहेर पडणेच पाहायला लोक येत होते. पॉलिन म्हटले की रुळांना बांधलेली बाई आणि समोरून येणारे इंजिन असे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. आज जे भाग उपलब्ध आहेत त्यांत मात्र असा प्रसंगच नाही. तिच्यापेक्षा तिची दंतकथा मोठी झाली, त्याची ही एक खूण.

न्यूयॉर्क ते पॅरिस

या चित्रपटांचे बरेचसे काम न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या पलीकडच्या फोर्ट ली गावाच्या परिसरात होई. तिथे नदीकाठी पॅलिसेड्सचे उभे कडे आहेत. अमेरिकन सिनेमा अजून पुरता हॉलिवूडला गेलेला नव्हता. आज हॉलिवूडच्या फुटपाथवर पर्लच्या नावाचा तारा बसवलेला आहे, पण जिच्यामुळे ती अजरामर झाली ती कामगिरी सारी पूर्व किनाऱ्यावरची.

पॉलिनपाठोपाठ १९१४ च्या अखेरीस ‘द एक्स्प्लॉइट्स ऑफ एलेन’ आली. बुरख्याआडचा, वाकड्या पंजाचा खलनायक आणि नवनव्या यंत्रांनी गुन्हे उलगडणारा शास्त्रज्ञ गुप्तहेर अशी तिची मांडणी होती. मग ‘द आयर्न क्लॉ’, ‘पर्ल ऑफ द आर्मी’, ‘द फेटल रिंग’, ‘द हाउस ऑफ हेट’, ‘द लायटनिंग रेडर’. जवळजवळ दरवर्षी एक मालिका आणि प्रत्येकीत पर्ल. जॉर्ज साइट्झ हा तिचा नेहमीचा लेखक-दिग्दर्शक.

फ्रान्समध्ये एलेनचे भाग जोडून १९१५ च्या डिसेंबरात ‘लेस मिस्तेर द न्यूयॉर्क’ या नावाने दाखवले गेले. तिथेही एका दैनिकात गोष्ट छापून येत होती. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. घरोघरचे पुरुष आघाडीवर, शहरात अंधार आणि काळजी. अशा दिवसांत दर आठवड्याला मरणाला चुकवून हसत उभी राहणारी ही बाई फ्रेंच लोकांना आपलीशी वाटली. आरागाँ, सूपो यांच्यासारखे तरुण कवी तिचे भक्त झाले. पंडितांनी ज्या सिनेमाला बाजारू म्हणून नाक मुरडले, त्यात या कवींना नव्या युगाचा वेग दिसला.

सोनेरी टोप

आता आधी सांगून ठेवलेल्या गोष्टीकडे वळू. पर्ल ही सारी साहसे स्वतः करते, तिला डुप्लिकेट लागत नाही, अशी पाथे कंपनीची जाहिरात असे. सुरुवातीच्या काळात ती पुष्कळच गोष्टी स्वतः करीत होती, हे खरे आहे. मोटार चालवणे, पोहणे, उंचावर चढणे यांचे तिला भय नव्हते. पण त्याची किंमतही तिने मोजली. कामावर असताना पडून तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ते दुखणे जन्मभर तिची पाठ सोडणार नव्हते. पडद्यावर दर पंधरवड्याला सहीसलामत सुटणारी पॉलिन घरी कण्हत झोपत होती, हे तिकीट काढणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

दुखणे वाढत गेले आणि तिच्या मोलाचा अंदाज आलेली कंपनीही तिला जपू लागली. धोक्याच्या जागी दुसरी माणसे उभी राहू लागली. पर्लचे खरे केस तांबूस होते, पडद्यावर ती सोनेरी केसांचा टोप घालत असे. तोच टोप दुसऱ्याच्या डोक्यावर चढवला आणि तिच्यासारखा झगा घातला की लांबून कुणाला काय कळणार?

ऑगस्ट १९२२. तिच्या शेवटच्या अमेरिकन मालिकेचे, ‘प्लंडर’चे काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालू होते. धावत्या बसच्या टपावरून उडी मारून वरच्या उन्नत रेल्वेचा गर्डर पकडायचा, असा प्रसंग होता. बाईच्या वेषात बसच्या टपावर उभा होता जॉन स्टिव्हन्सन नावाचा माणूस. त्याने उडी मारली, हात निसटला, तो खाली आदळला. डोक्याला मार लागून तो मेला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून साऱ्यांना कळले की पर्ल व्हाइट म्हणून जिला आपण टाळ्या देत होतो ती प्रत्येक वेळी पर्ल नव्हती. चाहते चिडले, काही हळहळले. आम्हाला मात्र यात दोन माणसांचे दुःख दिसते. स्टिव्हन्सनचे नाव एकाही पोस्टरवर नव्हते. त्याचे नाव लोकांना समजले ते तो मेल्यावर. आणि जिने खरोखर कित्येक वर्षे अंग मोडून घेतले होते, तिचे खरे धाडसही त्या एका दिवसात लोकांच्या लेखी खोटे ठरले. जाहिरात कंपनीची होती, गर्दी तिकीटबारीवर झाली होती, पण हिशेब चुकता करावा लागला तो या दोघांना.

पासीची स्मशानभूमी

मधल्या काळात, १९१९ साली, तिने वॉलेस मॅकचन या युद्धावरून परतलेल्या नटाशी दुसरे लग्न केले होते. तेही १९२१ मध्ये मोडले. फॉक्स कंपनीसाठी तिने मालिका सोडून नेहमीचे चित्रपट करून पाहिले. लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाहीत. त्यांना कड्यावरचीच पर्ल हवी होती. १९२३ साली ‘प्लंडर’ लागली आणि ती अमेरिका सोडून फ्रान्सला निघून गेली.

तिथे १९२४ साली ‘तेरर’ हा तिचा शेवटचा चित्रपट आला. त्यानंतर काही काळ ती रंगभूमीवर दिसली, मग तिने अभिनयाला रामराम ठोकला. पैशाच्या बाबतीत मात्र ती हुशार निघाली. हॉटेल, नाइट क्लब, शर्यतीचे घोडे यांत तिने पैसा गुंतवला. पॅरिसमध्ये घर, बाहेर शेतवाडी, शेवटच्या वर्षांत सोबतीला एक ग्रीक व्यावसायिक मित्र आणि त्याच्याबरोबर इजिप्तपर्यंतचे प्रवास. हातात छदामही नसताना मेलेले कलावंत आपण पुष्कळ पाहिले आहेत. पर्ल त्यांतली नव्हती.

पण पाठीचा कणा पैशाने सरळ होत नाही. वेदना विसरायला दारू आणि औषधे, आणि त्यांनी यकृत खाल्ले. ४ ऑगस्ट १९३८ रोजी पॅरिसजवळ न्यूयी इथल्या अमेरिकन हॉस्पिटलमध्ये तिने डोळे मिटले. वय अवघे ४९. पॅरिसच्या पासी स्मशानभूमीत तिला पुरले.

पॉलिनचे मूळ वीस भाग पुढे नाहीसे झाले. आज आपल्याला पाहायला मिळते ती फ्रान्समध्ये उरलेली, नऊ भागांत आटवलेली आवृत्ती. १९४७ साली हॉलिवूडने तिच्या आयुष्यावर चित्रपट काढला. त्यात बेटी हटन पर्ल झाली होती, पण खऱ्या आयुष्याशी त्याचा संबंध बेताचाच. २००८ साली अमेरिकेने पॉलिनच्या मालिकेची आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत नोंद केली.

परळच्या स्टुडिओत

पर्लच्या मालिका जगभर गेल्या, तशा अमेरिकन मालिका हिंदुस्थानातही आल्या आणि तुफान चालल्या. मुंबईतल्या ज्या पोरांना त्यांचे वेड लागले, त्यांत जे. बी. एच. वाडिया हा पारशी तरुण होता. पुढे त्याने धाकटा भाऊ होमी याच्यासह परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हिटोन काढली. व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर नंतर त्याच आवारात उभे राहिले. ऑस्ट्रेलियात जन्मलेली आणि हिंदुस्थानात वाढलेली मेरी एव्हान्स ही सोनेरी केसांची मुलगी वाडियांच्या हाती लागली, आणि १९३५ साली ‘हंटरवाली’ आली. मग ‘मिस फ्रंटियर मेल’, ‘डायमंड क्वीन’. १९३८ साली पॅरिसमध्ये पर्ल गेली, त्याच वर्षी आपल्याकडे नादियाची ‘लुटारू ललना’ लागली होती.

नादियाचे केस टोपाचे नव्हते आणि तिच्या कसरतीही तिच्याच होत्या. म्हणून पर्ल खोटी आणि नादिया खरी, असा निवाडा आजी हयात असती तर तिने तडकाफडकी दिला असता. आमचा हात तिथे थांबतो. टोपाखाली कोण होते हे कळल्यावरही फ्रान्समधल्या त्या युद्धकाळच्या बायकांना मिळालेला धीर परत घेता येत नाही. अमेरिकेतल्या टाइपरायटरवरच्या मुलीने, आजूबाजूला कुणी नाही असे पाहून, ताठ मानेने रस्ता ओलांडला असेल, तोही खराच.

यंदाच्या उत्सवात नाटक रंगेल, टाळ्या पडतील, हार नायक-नायिकेच्या गळ्यात पडतील. पडणारा पडदा वेळेवर धरणारा, विंगेत प्रॉम्प्टिंग करणारी, रात्री दोनला सतरंज्या गोळा करणारा, यांची नावे या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात येतील. एवढी विनंती, की ते पान उलटून टाकू नये. जॉन स्टिव्हन्सनच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते.

गणपती बाप्पा मोरया!